स्ट्रीममधून ऑब्जेक्ट पाठवायचे की कच्चे बाइट्स?

ग्रंथपाखरू

नमस्कार मंडळी,

बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांची एकत्र केलेली पुस्तकयादी नव्या संकेतस्थळावर चढवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आहे, जवळजवळ सगळी मराठीत, आणि प्रत्येक पुस्तकाचा सारांश सोबत असल्यामुळे फाइल चांगलीच जाडजूड आहे. नोड.जेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) क्रिएटरीडस्ट्रीमने, म्हणजे तुकड्यातुकड्यांच्या प्रवाहाने वाचतो, येईल त्या तुकड्याला टूस्ट्रिंग लावून बाइट्सचा मजकूर करतो, ओळी वेगळ्या करतो आणि डेटाबेसमध्ये टाकतो.

अडचण अशी की मधूनच एखाद्या नावात काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं. एडिटरमध्ये तीच फाइल उघडली तर तिथे अक्षर धडधाकट दिसतं. गंमत म्हणजे फाइलच्या सुरुवातीला एक ओळ वाढवली की आधीची बिघडलेली नावं नीट होतात आणि भलतीच बिघडतात. शिवाय काही नोंदी मधोमध तुटून दोन होतात.

टीममधल्या एकाने सुचवलं, स्ट्रीमची ऑब्जेक्टमोड ही सेटिंग ट्रू कर. केलं. काहीच फरक नाही. म्हणून हा धागा. ऑब्जेक्टमोड नेमकं करतो काय, आणि ऑब्जेक्ट कधी पाठवायचे नि बाइट्स कधी, हे कुणी नीट उलगडून सांगेल का?

---

अधोरेखित

ऑब्जेक्टमोडने फरक पडणारच नव्हता. त्याने बाइट्सचे ऑब्जेक्ट बनत नाहीत. तो स्ट्रीमला एवढंच सांगतो की ‘तुझ्यातून जाणारा प्रत्येक तुकडा अखंड वस्तू आहे, तो तोडू नकोस, जोडू नकोस, आणि मोजायचा तर नग म्हणून मोज’. तुमच्या फाइलमधून येतात ते बाइट्सच. बाइट्सच्या प्रवाहाला अक्षर, ओळ, नोंद यातलं काहीही माहीत नसतं.

प्रश्नचिन्हाचं बघू. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. ‘मराठी’ हा शब्द घ्या: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, अशी ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट्स. त्यातला ‘म’ साठवला जातो २२४, १६४, १७४ असा. ‘र’ होतो २२४, १६४, १७६. दीर्घ वेलांटी २२४, १६५, १२८.

आता क्रिएटरीडस्ट्रीम आपणहून ६४ केबीचे, म्हणजे ६५,५३६ बाइट्सचे तुकडे देतो. ६५,५३६ ला ३ ने भागा. २१,८४५ चिन्हं पुरी बसतात आणि १ बाइट उरतो. समजा तिथे ‘म’ आला, तर २२४ हा बाइट पहिल्या तुकड्याच्या शेपटाला राहिला आणि १६४, १७४ दुसऱ्याच्या तोंडाशी गेले. तुम्ही दोन्ही तुकड्यांना वेगवेगळं टूस्ट्रिंग लावलंत. पहिल्याला एकटा २२४ कळला नाही, त्याने बदली चिन्ह टाकलं. दुसऱ्याला सुटे १६४ आणि १७४ कळले नाहीत, त्याने आणखी दोन टाकली. एका ‘म’ची तीन प्रश्नचिन्हं.

तुमच्या फाइलमध्ये स्वल्पविराम, आकडे, स्पेस हे १ बाइटवालेही आहेत, त्यामुळे शिल्लक दर वेळी १ च राहील असं नाही. पण सलग देवनागरी मजकुरात काप कुठेही पडला तरी तीनपैकी दोन वेळा तो अक्षराच्या पोटातूनच जाणार. इंग्रजी मजकुरात हे कधीच दिसत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. म्हणून तिकडच्या ट्युटोरिअलमधला कोड त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो आणि आपल्या मजकुरावर पहिल्या दिवशी फुटतो. वर एक ओळ वाढवल्यावर बिघाडाची जागा का हलते तेही यातच आलं: पुढचे सगळे बाइट्स सरकले, काप दुसऱ्या अक्षरांवर पडले.

उपाय सोपा आहे. स्ट्रीमला सेटएन्कोडिंग करून यूटीएफ-८ सांगा. मग आतला स्ट्रिंगडीकोडर अर्धवट बाइट्स जवळ ठेवतो आणि पुढचा तुकडा आला की जोडून देतो. टेक्स्टडीकोडर वापरत असाल तर डीकोडला स्ट्रीम: ट्रू द्यायला विसरू नका, तेही तेच काम करतं.

तुटलेल्या नोंदी हा वेगळा बिघाड आहे, पण मुळाशी तीच गोष्ट. तुकड्याची शेवटची ओळ बहुतेक वेळा अर्धी असते. ती बाजूला ठेवून पुढच्या तुकड्याला जोडायला हवी. आणि सीएसव्हीत तेवढ्यानेही भागत नाही, कारण अवतरणचिन्हांच्या आत खुशाल नवी ओळ असू शकते. तुमच्या सारांशांमध्ये तर असणारच. तेव्हा ओळी हाताने तोडू नका, स्ट्रीमवर चालणारा चांगला सीएसव्ही पार्सर मध्ये बसवा. तो आत बाइट्स घेतो आणि बाहेर एकेक नोंद ऑब्जेक्ट म्हणून देतो. ऑब्जेक्टमोडची जागा तिथे, आणि तीही फक्त बाहेरच्या बाजूला. नोडमध्ये ट्रान्सफॉर्मच्या (आत येईल ते बदलून बाहेर देणारा टप्पा) दोन बाजूंना वेगवेगळी सेटिंग देता येते: रीडेबलऑब्जेक्टमोड आणि रायटेबलऑब्जेक्टमोड.

माझं ठाम मत सांगतो. बाइट्सचे ऑब्जेक्ट व्हायची जागा पाइपलाइनमध्ये एकच असावी आणि ती बोट ठेवून दाखवता यावी. तिच्या अलीकडे कुणी अक्षर, ओळ, नोंद यांबद्दल काही गृहीत धरायचं नाही. तिच्या पलीकडे कुणी बाइट्सकडे बघायचं नाही. पुन्हा फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर लिहायची वेळ आली की परतीचीही एकच जागा. तुमच्या कोडमध्ये ही सीमा टूस्ट्रिंग, स्प्लिट आणि डेटाबेसचा कोड अशा तीन ठिकाणी विखुरली आहे.

---

झटपट

एवढा खटाटोप कशाला? रीडफाइलने अख्खी फाइल एका दमात वाचा, एकदाच टूस्ट्रिंग, काम खतम. हल्ली रॅम काय महाग आहे का?

---

अधोरेखित

@झटपट, फाइल २०-३० एमबीची असती तर मीही हेच सांगितलं असतं. तिथे स्ट्रीमच्या फंदात पडू नये. पण ६४ बिटी नोडमध्ये एका स्ट्रिंगची कमाल लांबी साधारण ५३ कोटी ६८ लाख चिन्हांची आहे, तिच्यापुढे थेट एरर येते. रॅम कितीही असो. आणि ती मर्यादा गाठायच्या आधीच मेमरी फुगते: मूळ बफर (कच्च्या बाइट्सचा साठा), त्याची स्ट्रिंग, तिच्या ओळींचा अॅरे, सगळं एकाच वेळी जिवंत.

मराठीवाल्यांसाठी आणखी एक. व्ही८, म्हणजे नोडच्या आतलं जावास्क्रिप्ट इंजिन, निव्वळ इंग्रजी स्ट्रिंग दर अक्षरी १ बाइट अशी साठवतं. तिच्यात देवनागरीचं एक चिन्ह जरी आलं तरी अख्खी स्ट्रिंग दर चिन्हाला २ बाइट्स होते. इंग्रजीबहुल मोठ्या फाइलमध्ये एखादं मराठी नाव असलं की मेमरीचा अंदाज दुपटीने चुकतो.

---

चांदणचुरा

उत्तम माहिती. ऑब्जेक्टमोडची दुसरी बाजू मी सांगते, कारण लोक तो लावतात आणि मग प्रोसेस मेमरी खाऊन मरते तेव्हा कोडं पडतं.

बाइट स्ट्रीममध्ये हायवॉटरमार्क (किती साठलं की थांबायचं ती खूण) बाइट्समध्ये मोजतात. आधी ती मर्यादा १६ केबी होती, नोडच्या २२व्या आवृत्तीपासून ६४ केबी आहे. ऑब्जेक्टमोडमध्ये मात्र ती १६ नग. नग केवढा, हे स्ट्रीम विचारत नाही. १६ छोट्या नोंदी असोत किंवा प्रत्येकी ५ एमबीचे १६ अॅरे, तिच्या लेखी दोन्ही सारखेच. त्यात ट्रान्सफॉर्मला दोन बफर असतात, आत येणाऱ्यांचा आणि बाहेर जाणाऱ्यांचा, म्हणजे एका टप्प्यात ३२ नग साठू शकतात. असे चार टप्पे जोडले तर १२८. ५ एमबीच्या हिशेबाने ६४० एमबी नुसते वाट बघत बसलेत. आणि हायवॉटरमार्क ही भिंत नव्हे, ‘आता थांब’ असा इशारा आहे. राइटने फॉल्स परत दिल्यावरही तुम्ही ढकलत राहिलात तर तो अडवत नाही.

उलट टोकही वाईट. डेटाबेसमध्ये एकेक नोंद वेगळी पाठवली तर प्रत्येकीमागे कॉलबॅक, प्रॉमिस, डेटाबेसची फेरी. ग्रंथपाखरू, तुमच्याकडे पार्सरनंतर ५०० नोंदींचा गठ्ठा करणारा एक छोटा ट्रान्सफॉर्म ठेवा, गठ्ठा हाच एक ऑब्जेक्ट, आणि त्या टप्प्यापासून पुढे हायवॉटरमार्क २ वर आणा. डेटाबेस दमला की दाब मागे फाइलपर्यंत पोचतो आणि वाचनच थांबतं. हे नीट व्हायला पाइपऐवजी पाइपलाइन हे फंक्शन वापरा. पाइपमध्ये मधला एखादा टप्पा एरर देऊन मेला तर बाकीच्यांना खबर लागत नाही, फाइल उघडीच राहते.

आणि पुश करताना, म्हणजे नग पुढे ढकलताना, नल (‘काहीच नाही’ ही किंमत) जपून. ऑब्जेक्टमोडमध्ये रिकामी स्ट्रिंग, शून्य, फॉल्स हे सगळे रीतसर नग आहेत. नल मात्र ‘प्रवाह संपला’ असं सांगतो. वाईट नोंद आली म्हणून कुणी पुश नल केलं की प्रवाह तिथेच संपतो, उरलेली यादी पुढे जात नाही. नोंद वगळायची असेल तर काहीच पुश न करता कॉलबॅक बोलवा.

---

ग्रंथपाखरू

अधोरेखित, चांदणचुराताई, मनापासून आभार. पार्सर बसवला, प्रश्नचिन्हं गेली, नोंदी तुटायच्या थांबल्या. एक नवीन दिसतंय: पहिल्या रकान्याचं नाव ‘शीर्षक’ आहे, तरी नोंद.शीर्षक अनडिफाइंड येतं. बाकी सगळे रकाने व्यवस्थित.

---

चांदणचुरा

फाइल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवलेली असणार. एक्सेल सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट्स टाकतं, त्याला बॉम म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही पण तुमच्या रकान्याच्या नावाला चिकटून बसतं. बऱ्याच पार्सरमध्ये बॉम: ट्रू असा पर्याय असतो, तो चालू करा.

---

जुनाजाणता

धागा नोडचा आहे, पण जावावाल्यांनी हेच दुखणं वेगळ्या अंगाने सोसलंय, म्हणून लिहितो.

जावात १९९७ पासून, म्हणजे जेडीके १.१ पासून, ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम आणि ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम आहेत. राइटऑब्जेक्ट म्हटलं की ऑब्जेक्ट गेला, रीडऑब्जेक्ट म्हटलं की आला. मधल्या बाइट्सशी तुमचा संबंधच नाही, असं वाटतं. संबंध असतो. प्रवाह उघडला की आधी चार बाइट्सचं शीर्ष लिहिलं जातं: १७२, २३७, ०, ५. आता एक फाइल रोज उघडायची, तिच्या शेवटी नवे ऑब्जेक्ट जोडायचे आणि बंद करायची, असा कोड बघा. दर उघडणीला नवा ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम, दर वेळी नवं शीर्ष, फाइलच्या मधोमध. वाचणारा पहिल्या दिवसाचे ऑब्जेक्ट सुरळीत वाचतो आणि दुसऱ्या दिवसाच्या तोंडाशी ‘इनव्हॅलिड टाइप कोड: एसी’ म्हणून आपटतो. एसी म्हणजे सोळा-आधारी पद्धतीतला तोच १७२. हा संदेश बघून लोक क्लासच्या आवृत्त्या तपासत बसतात. फाइल बाइट्समध्ये उघडून बघितली तर पाच मिनिटांत कळतं.

सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीत, आणखी एक फजिती होते. ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीमचा कन्स्ट्रक्टर समोरून शीर्ष येईपर्यंत अडून राहतो. दोन्ही टोकांनी आधी इनपुट बनवलं, मग आउटपुट, तर दोघंही एकमेकांच्या शीर्षाची वाट बघत कायमचे बसतात. आउटपुट आधी बनवा, फ्लश करा, मग इनपुट.

तिसरं सगळ्यात फसवं. हा प्रवाह लिहिलेला प्रत्येक ऑब्जेक्ट लक्षात ठेवतो. तोच ऑब्जेक्ट त्याची किंमत बदलून पुन्हा लिहिलात तर तो ‘मघाचाच’ अशी खूण पाठवतो, समोरच्याला जुनी किंमत मिळते. आणि लक्षात ठेवल्यामुळे गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) काही उचलू शकत नाही, दिवसभर चालणाऱ्या जोडणीत मेमरी चढतच जाते. यावर रीसेट आहे, पण तो ठाऊक असणारे थोडे.

आणि सुरक्षेचं तर बोलूच नका. अनोळखी ठिकाणचे बाइट्स रीडऑब्जेक्टला देणं म्हणजे कुठला क्लास उभा करायचा हे समोरच्याला ठरवू देणं. २०१५ मध्ये अपाचे कॉमन्स कलेक्शन्समधल्या क्लासांची साखळी करून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते, हे जगासमोर आलं. जावा ९ मध्ये त्यावर गाळण्या आल्या, आणि २०१८ मध्ये जावाचे मुख्य शिल्पकार मार्क राइनहोल्ड यांनीच सिरियलायझेशन (ऑब्जेक्टचे असे बाइट्स करणं) ही चूक होती असं सांगितलं. पायथन भाषेतल्या अशाच सोयीची, पिकलचीही, तीच गत आहे, त्याच्या दस्तऐवजात सुरुवातीलाच इशारा दिलेला आहे.

---

खिडकीकाठी

ऑब्जेक्टची बाजू मांडायला कुणीतरी हवं. मी विंडोज सर्व्हर सांभाळतो. पॉवरशेलच्या (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करून काम करायचं साधन) पाइपमधून मजकूर जात नाही, डॉटनेटचे ऑब्जेक्ट जातात. १०० एमबीहून जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेस काढायच्या तर गुणधर्माचं नाव घेऊन गाळायचं, मेमरीने क्रम लावायचा. कितवा रकाना, किती स्पेस, असली मोजदाद नाही. लिनक्सवर ऑक या मजकूर-गाळणीत चौथा की पाचवा रकाना हे मोजणाऱ्यांनी हे एकदा वापरून बघावं.

बाहेरचे प्रोग्राम आले की मात्र हाल व्हायचे. जुन्या पॉवरशेल ५.१ मध्ये एखाद्या प्रोग्रामने दिलेली झिप बाणाने फाइलमध्ये वळवली तर पॉवरशेल ते बाइट्स मजकूर समजून स्ट्रिंग करायचा आणि यूटीएफ-१६ मध्ये लिहायचा. झिपचं वाटोळं. २०२३ च्या ७.४ आवृत्तीपासून बाहेरच्या प्रोग्रामचे बाइट्स आहेत तसे जातात. म्हणजे ऑब्जेक्टच्या सगळ्यात मोठ्या पुरस्कर्त्यालाही बाइट्ससाठी वेगळी वाट ठेवावीच लागली.

---

ग्रंथपाखरू

हे सगळं वाचून पुढच्या टप्प्याची धास्ती वाटायला लागलीय. नोंदी डेटाबेसमध्ये जातायत. आता त्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या शोध-सेवेला टीसीपीवरून (नेटवर्कवर बाइट्स पोचवायची पद्धत) पाठवायच्या आहेत. मी एका राइटमध्ये एक जेसन (नोंद मजकूर म्हणून लिहायची रीत) पाठवणार होतो, समोर एका डेटा इव्हेंटमध्ये एक जेसन घेणार. चालेल ना?

---

रानवाट

नाही चालणार, आणि घात असा की चाचणीत चालेल. 🙂

वाहनांवरच्या ट्रॅकरचा डेटा घेणं हा माझा रोजचा उद्योग. टीसीपी बाइट्स क्रमाने पोचवतो, एवढंच त्याचं वचन. तुमची तीन राइट समोर एका इव्हेंटमध्ये येऊ शकतात, एक राइट तीन इव्हेंटमध्ये. एकाच मशीनवर लहान संदेश बहुतेक वेळा एकाला एक पोचतात, म्हणून लोकांना भ्रम होतो. मोबाइल नेटवर्कवर किंवा संदेश मोठा झाला की तुकडे पडतातच.

हद्द तुम्हालाच आखायला हवी. दोन चांगल्या रीती आहेत. एक म्हणजे ओळीला एक जेसन. जेसनच्या स्ट्रिंगमध्ये नवी ओळ कच्ची येऊच शकत नाही, ती उलट्या तिरक्या रेघेसह एन लिहावी लागते, म्हणून ओळीचा शेवट हीच नोंदीची हद्द. तुमचे बहुओळी सारांशही त्यात सुखरूप जातील, फक्त जेसन सुबक मांडणीत न काढता एका ओळीत काढा. आणि इथे मराठीवाल्यांच्या फायद्याची गोष्ट: यूटीएफ-८ मध्ये बहुबाइटी अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. नव्या ओळीचा बाइट १०. तो अक्षराच्या पोटात कधीच सापडत नाही. त्यामुळे कच्च्या बफरमध्येच १० शोधा, तिथे कापा, आणि पूर्ण ओळ हातात आल्यावर मग टूस्ट्रिंग करा. अर्ध्या अक्षराचा प्रश्नच उरत नाही. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये बसून ही आखणी केली, आणि आपल्यासारख्या तीन बाइटी लिप्यांचं तिने केवढं भलं केलंय!

दुसरी रीत म्हणजे आधी लांबी. चार बाइट्समध्ये संदेशाची लांबी, मोठा बाइट आधी, मग तितके बाइट्स. जीआरपीसी (सर्व्हरांनी एकमेकांना विनंत्या पाठवायची एक पद्धत) हेच करतं, वर कॉम्प्रेस केलंय की नाही हे सांगणारा एक बाइट जास्तीचा, असे ५. लांबी बाइट्समध्ये मोजा, स्ट्रिंगच्या लेंग्थने नको. ‘मराठी’ची लेंग्थ ५ येते, बाइट्स १५ आहेत. बफर.बाइटलेंग्थ वापरा.

आणि आलेल्या लांबीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्या लॉगमध्ये अधूनमधून ‘संदेशाची लांबी १,१९५,७२५,८५६’ असं दिसतं. एवढा संदेश कुठला ट्रॅकर पाठवणार? त्या आकड्याचे चार बाइट्स सुटे करा: ७१, ६९, ८४, ३२. म्हणजे जी, ई, टी आणि स्पेस. कुणीतरी त्या पोर्टवर ब्राउझर किंवा एचटीटीपीचा स्कॅनर लावलाय. कमाल मर्यादा नसती तर सर्व्हर त्या एका विनंतीसाठी १ जीबीहून मोठा बफर मागत बसला असता. ओळीच्या पद्धतीतही मर्यादा हवीच, नाहीतर १० हा बाइट कधीच न पाठवणारा क्लायंट तुमची मेमरी भरून टाकेल.

---

अधोरेखित

रानवाट, फार सुरेख प्रतिसाद. ग्रंथपाखरू, तुमच्यासाठी ओळीला एक जेसन पुरेसं आहे. बिघडलं तर फाइल उघडून डोळ्यांनी वाचता येतं, हा फायदा लहान समजू नका.

एक सावधगिरी मात्र आत्ताच घ्या, कारण तुम्ही आता एकाच पार्सरमधून दोन फाटे काढणार: एक डेटाबेसकडे, एक शोध-सेवेकडे. ऑब्जेक्टमोडमध्ये दोन्हीकडे जातो तो एकच ऑब्जेक्ट, त्याची प्रत नव्हे. शोधासाठी तुम्ही शीर्षकातले अनुस्वार काढलेत, लेखकाचं नाव आडनावापासून लावलंत, तर कुठला फाटा आधी धावला त्यावर डेटाबेसमध्ये काय जाईल ते ठरेल. एखाद्या दिवशी बरोबर, एखाद्या दिवशी चूक. बाइट्सच्या बफरचंही तसंच आहे, पण बफरमध्ये हात घालून कुणी सहसा बदल करत नाही, ऑब्जेक्टमध्ये सगळेच करतात. शोधाच्या फाट्यात बदल करायचा तो नवा ऑब्जेक्ट बनवून करा, किंवा पार्सरमधून बाहेर पडतानाच ऑब्जेक्ट.फ्रीज लावा आणि स्ट्रिक्ट मोड ठेवा. मग कुणी हात लावला की तिथल्या तिथे एरर येईल. फ्रीज वरच्या थरापुरतंच असतं, हे ध्यानात असू द्या. नोंदीच्या आत लेखकांचा अॅरे असेल तर तो वेगळा गोठवावा लागेल.

---

ग्रंथपाखरू

लेखकांचा अॅरे आहेच. दोन्ही गोठवतो, आणि ओळीची मर्यादा १ एमबी ठेवतो. आमचा सगळ्यात लांब सारांशही त्याच्या पुष्कळ आत बसतो.